सैल मुळांचा अंबाडा

शाळा सुटून घरी आले की दप्तर खाली ठेवायच्या आधी माझे हात डोक्याकडे जायचे. लाल रिबिनी ओढून काढायच्या, दोन्ही वेण्या उलगडायच्या आणि दहाही बोटं मुळांत खुपसून डोकं खसाखसा चोळायचं. दुखणं बोटांखाली विरघळताना कळायचं. आर्वीच्या आमच्या घरात यावरून रोज सकाळी वाद. आजी माजघरातून म्हणायची, "इतकी कायले आवळतं वं? पोरीचे डोळे वर चढले." आई हातातली फणी न थांबवता उत्तर द्यायची, "सैल घातली तं मधल्या सुट्टीतच सुटते. केस पाहा ना तिचे, हातात राहतात का?"

दोघींचंही खरं होतं. माझे केस तेव्हाही कमरेपर्यंत होते, आजही आहेत, आणि अतिशय बारीक आहेत. सैल बांधले की घरंगळतात, आवळून बांधले की दुपारपर्यंत डोकं धरतं. या दोन्हींच्या मधे बरीच मोठी जागा आहे, हे कळायला मला तिशी ओलांडावी लागली. ज्या मुली आज रोज संध्याकाळी रबर ओरबाडून काढतात आणि ‘माझं डोकंच दुखरं’ असं मानून चालतात, त्यांना हे लवकर कळावं असं मनापासून वाटतं.

पहिली गोष्ट म्हणजे हे दुखणं खरं आहे आणि वैद्यकानं त्याची रीतसर नोंद घेतली आहे. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेच्या वर्गीकरणाची तिसरी आवृत्ती 2018 साली प्रसिद्ध झाली. त्यात बाहेरच्या दाबामुळे होणारी आणि बाहेरच्या ओढीमुळे होणारी, अशा दोन डोकेदुख्या शेजारी शेजारी दिल्या आहेत. हेल्मेट, घट्ट पट्टा, पोहण्याचा चष्मा यांनी होते ती पहिली. केस ओढून बांधल्यानं होते ती दुसरी. ओळखायची खूणही सोपी आहे: ओढ असेपर्यंत दुखतं, ओढ असते तिथं सगळ्यात जास्त दुखतं, आणि ओढ काढली की तासाभरात थांबतं. म्हणजे संध्याकाळी वेण्या सोडून मी जे करत होते, तीच या आजाराची तपासणी होती.

लंडनच्या मायग्रेन दवाखान्यातले डॉक्टर जे. एन. ब्लाऊ यांनी 2004 साली यावर एक छोटासा अभ्यास छापला. त्यांनी 93 स्त्रियांना विचारलं, की केस वर घेऊन पोनीटेल बांधल्यानं तुमचं डोकं दुखतं का. 50 जणींनी हो म्हटलं. निम्म्याहून जास्त! इतक्या बायकांना रोज होणाऱ्या गोष्टीबद्दल स्वतंत्र निबंध यायला एकविसावं शतक उजाडावं लागलं, याचं मला वाईट वाटतं. घरोघरच्या आज्यांना ते फार आधीपासून माहीत होतं.

दुखतं नेमकं काय? केसाला संवेदना नसते, म्हणून तो कापताना दुखत नाही. मेंदूच्या गाभ्यालाही वेदना कळत नाही. दुखते ती डोक्याची कातडी. प्रत्येक केसाच्या मुळाभोवती मज्जातंतूंच्या टोकांचं जाळं असतं. केस जरासा हलला तरी ते जाळं मेंदूला कळवतं, म्हणूनच केसावर बसलेली माशी कळते. केस सतत एकाच दिशेला ताणलेला राहिला की हेच जाळं तासन् तास तक्रार करत राहतं. कपाळापासून टाळूपर्यंतच्या भागाची खबर चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूच्या फांद्या नेतात, तर मागच्या भागाची खबर मानेतून वर येणारे मज्जातंतू नेतात. या दोन्ही वाटा मानेच्या वरच्या टोकाशी एकत्र येतात. त्यामुळे ओढ मानेजवळ असली तरी ठणका डोळ्याच्या वर जाणवू शकतो, आणि ‘चष्म्याचा नंबर वाढला असेल’ म्हणून आपण भलतीकडेच शोधत बसतो. शिवाय टाळूच्या कातडीखाली एक चिवट पडदा कपाळाच्या स्नायूपासून मागच्या स्नायूपर्यंत ताणलेला असतो. टाळूवरचे केस मागे खेचले की भुवया उचलल्यासारख्या दिसतात त्या यामुळे. आजीचं ‘डोळे वर चढले’ हे शब्दशः खरं होतं.

आता केसांकडे येऊ. मराठीत आपण ‘पातळ केस’ म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबतो. एक म्हणजे विरळ केस, डोक्यावर संख्येनं कमी. दुसरे बारीक केस, म्हणजे एकेक केसच नाजूक. बारीक केस भरपूर दाट असू शकतात. माझे तसे आहेत, आणि मोकळे सोडले की बघणाऱ्याला वाटतं केवढा संभार, पण मुठीत धरले की जेमतेम अंगठ्याएवढी वेणी होते. ओळखायचं असेल तर एकच केस चिमटीत घेऊन फिरवून बघावा. जाड केस शिवणदोऱ्यासारखा बोटाला लागतो. बारीक केस आहे की नाही तेच कळत नाही. आकड्यात सांगायचं तर 50-60 मायक्रॉनचा केस बारीक म्हणावा, 80-90 मायक्रॉनचा जाड. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

लांब केसांनी डोकं दुखतं ते वजनामुळे, असं सगळे सांगतात. ‘काप थोडे, हलकं वाटेल’ हा सल्ला मी शंभरदा ऐकला असेन. म्हणून एकदा हिशोब मांडला. डोक्यावर साधारण 1 लाख केस धरले, प्रत्येक 75 सेंटीमीटर लांब आणि 60 मायक्रॉन जाड, तर सगळे मिळून पाव किलोच्या थोडं पुढे जातात. सगळेच केस पूर्ण लांबीचे नसतात, त्यामुळे खरं वजन याहूनही कमी. हे वजन सगळ्या मुळांवर सारखं वाटलं तर एका केसाच्या वाट्याला दोन-अडीच मिलिग्रॅम येतात. एक धडधाकट केस पन्नास ते शंभर ग्रॅम ओढ सोसून तुटत नाही. मग अडीच मिलिग्रॅमनं कोणाचं काय दुखणार? केस मोकळे सोडून बसलं की त्यांच्या भारानं डोकं सहसा दुखत नाही, ते याच कारणानं.

दुखणं येतं ते वाटणी बिघडल्यामुळे. उंच पोनीटेल बांधली की सगळा भार टाळूवरच्या एका जागेतून लोंबतो. मानेवरचे केस उलटे वर खेचलेले असतात, कानशिलावरचे आडवे ताणलेले. त्यातले काही कडक ताठ, काही सैल. भार नेमका ताठ असलेल्या थोड्यांवरच येतो, कारण सैल केस काही उचलतच नाहीत. त्यात चालताना शेपटी हलते आणि प्रत्येक पावलाला त्याच मोजक्या मुळांना हिसका बसतो. म्हणजे वजनाहून जास्त जाचतो तो बांधताना आपण स्वतः भरलेला ताण.

आणि बारीक केसांच्या बायका हा ताण जास्त भरतात, कारण त्यांचे केस घसरतात. केसाचा पृष्ठभाग कौलांसारखा असतो. एकावर एक बसवलेले सूक्ष्म खवले, त्यांची तोंडं टोकाकडे. मुळाकडून टोकाकडे बोट फिरवलं की गुळगुळीत लागतं, उलट फिरवलं की अडतं. बारीक केसांचा जुडगा लहान होतो, रबराच्या पकडीत कमी भरतो आणि रबर या गुळगुळीत दिशेनं खाली सरकत जातं. मग आपण रबराला आणखी एक वेढा देतो. तरीही घसरतं. मग दोन भाग करून दोन्हीकडे खेचतो, म्हणजे रबर वर सरकून डोक्याला चिकटतं. ही खेचण्याची सवय फार वाईट. तेव्हाच मुळं ताठ होतात आणि दिवसभर तशीच राहतात.

इथं मला आमच्या जिल्ह्यानंच वाट दाखवली. आर्वीचा सगळा मुलूख कापसाचा. दिवाळीनंतर जिनिंग कारखान्यांकडे जाणाऱ्या गाड्यांतून रस्त्यावर सांडलेला कापूस आम्ही लहानपणी वेचायचो. त्या कापसाचा एक तंतू केसापेक्षा कितीतरी बारीक, पंधरा-वीस मायक्रॉनचा, आणि लांबी अवघी अडीच-तीन सेंटीमीटर. तरी त्याच्यापासून मैलोगणती सूत निघतं. त्या सुतात गाठ कुठेच नसते, की तंतू एकमेकांना बांधलेलेही नसतात. आमच्याच जिल्ह्यातल्या सेवाग्रामला 1936 पासून गांधीजी राहिले. तिथं आलेल्या माणसाला पहिल्यांदा टकळी हातात दिली की पहिल्याच दिवशी एक गोष्ट कळते: पेळू नुसता ओढला तर तुटतो, पीळ देत ओढला तर सूत होतं. पिळामुळे तंतू एकमेकांवर दाबले जातात, त्यांच्यातलं घर्षण वाढतं, आणि ओढ जितकी वाढेल तितके ते एकमेकांना जास्त धरतात. बारीक तंतूंना धरून ठेवायची माणसानं शोधलेली सगळ्यात जुनी युक्ती ही आहे, आणि आपण ती सोडून रबराच्या मागे लागलो.

पिळाच्या बाबतीत बारीक केस जाड केसांपेक्षा सरस आहेत. केस वाकवायला लागणारा जोर त्याच्या जाडीच्या चौथ्या घातानं बदलतो. अर्ध्या जाडीचा केस सोळा पट सहज वाकतो. जाड केसांचा अंबाडा घातला की तो स्प्रिंगसारखा उलगडू पाहतो, त्याला दाबून ठेवावंच लागतं. बारीक केस मात्र वळवाल तसे मुकाट वळतात. त्यांची खोड एकच, ती म्हणजे घसरणं, आणि घसरण्यावर उपाय पीळ आणि वेढे. आमच्याकडचा गवळाऊ बैल किती ताकदीचा असतो! पण त्याच्या दोराला खुंट्याभोवती दोन वेढे दिले की दुसरं टोक दहा वर्षांचं पोर धरून ठेवतं. वेढ्यांचं गणित बेरजेचं नसून गुणाकाराचं आहे. मध्यम घर्षण असलं तर एका वेढ्यानं पकड सहा-सात पट होते, दुसऱ्यानं चाळीस पटींच्या घरात जाते. अंबाड्यात केसच केसांभोवती वेढे घेतात. बाहेरून आवळायचं काम त्यामुळे जवळजवळ उरतच नाही.

आजीला हे गणित माहीत नव्हतं, पण तिच्या हाताला माहीत होतं. तिचा बुचडा मानेच्या खळग्याच्या जरासा वर, सैलसर, रबराशिवाय, केसांत खोवलेल्या दोन आकड्यांवर दिवसभर टिकायचा. ती वाकून अंगण सारवायची, पाण्याची गुंडी उचलायची, आणि बुचडा जागच्या जागी. तिच्या तरुणपणी केस बांधायला आगवळ असायची. आज हा शब्द शब्दकोशातच भेटतो. आगवळ म्हणजे केस बांधायची सुताची किंवा रेशमाची दोरी. रबरात आणि आगवळीत मोठा फरक आहे. रबर बांधल्यानंतरही आवळतच राहतं, तो त्याचा स्वभाव. दोरी जिथं ठेवाल तिथं थांबते. शिवाय सुती दोरा खरखरीत, म्हणून केस त्याच्यावरून सटकत नाहीत. रबरबँडचं पेटंट 1845 साली लंडनच्या स्टीफन पेरीनं घेतलं ते कागद आणि पाकिटं बांधायला. ते बायकांच्या केसांत आलं आणि निघताना दहा-वीस केस घेऊन जाऊ लागलं. यावर 1987 साली अमेरिकेत रॉमी रेव्हसन या गायिकेनं कापडात लपेटलेल्या सैल इलॅस्टिकचं पेटंट घेतलं. तीच आपली स्क्रंची. म्हणजे फिरून फिरून पुन्हा कापडावरच आलो.

सैल अंबाड्याची चाल आपल्याकडे किती जुनी आहे, ते अजिंठ्यात दिसतं. पाचव्या शतकात, वाकाटक हरिषेणाच्या काळात रंगवलेल्या सतराव्या लेण्यात आरशात बघत प्रसाधन करणारी एक स्त्री आहे. तिथली आणि आसपासच्या लेण्यांतली स्त्रियांची डोकी मी खास केसांसाठी बघितली. अंबाडे मानेवर विसावलेले किंवा एका बाजूला कललेले, फुलांनी वेढलेले, आणि कपाळाच्या, कानाच्या कडेनं बटा मोकळ्या. चित्रकाराला त्या बटा सुंदर दिसल्या असतील. मला त्या बघून वाटलं, हिचं डोकं दुखत नसणार.

प्रत्यक्ष बांधायचं कसं, ते माझ्या हातानं ठरवलेल्या रीतीप्रमाणे सांगते. केस नुकते धुतलेले असतील तर अंबाड्याचा हट्ट धरू नये. त्या दिवशी ते फारच निसरडे असतात, सैल वेणीच बरी. दुसऱ्या दिवशी ते बांधण्याजोगे होतात. खोबरेल तेलाचे दोन-चार थेंब लावलेली बोटं लांबीवरून फिरवली की उडणारे केस एकमेकांना धरतात. जास्त तेल मात्र निसरडं करतं. मुंबईतल्या रेळे आणि मोहिले या संशोधकांनी 2003 साली खोबरेल, सूर्यफुलाचं आणि खनिज तेल यांची तुलना केली, तेव्हा केसांतल्या प्रथिनांची झीज खोबरेलानंच कमी झाली. बारीक केसांच्या बाबतीत ही झीज वाचणं मोलाचं, कारण तिथं मुळात भांडवलच कमी.

विंचरताना टोकापासून सुरुवात करून वर जावं. मग केस मागे घ्यावे, पण फणीनं चापूनचोपून नव्हे, बोटांनी. फणी प्रत्येक केस ताठ करते, बोटं थोडी ढिलाई ठेवतात, आणि तीच हवी आहे. हनुवटी किंचित खाली घेऊन बांधावं. हा बारकावा मला फार उशिरा सापडला. आपण आरशात बघत मान मागे टाकून केस बांधतो आणि मग दिवसभर खाली वाकून काम करतो. वहीवर, मोबाइलवर, ओट्यावर, निंदणीला. मान पुढे झुकली की मानेवरची कातडी लांबते आणि तिथले आधीच ताठ असलेले केस आणखी खेचले जातात. ज्या स्थितीत डोकं राहणार, त्या स्थितीत केस बांधले की हा त्रास मुळातच टळतो.

केसांचा जुडगा मुठीत धरला की पहिली दोन बोटं अंतर पीळ द्यायचा नाही. त्यापुढे मात्र मनसोक्त द्यायचा, दोर स्वतःवरच वळू लागेपर्यंत. मुळाशी सैल आणि पुढे घट्ट, सगळी किमया एवढ्यातच आहे. वेणी घालायची तरी हाच नियम: पहिल्या दोन गुंफणी ढिल्या, मानेखाली गेल्यावर आवळून. मग तो पीळ स्वतःभोवती गुंडाळायचा, शेवटचं टोक खालून आत खोचायचं आणि आकडे लावायचे. आकडा, म्हणजे ज्याला आता यू पिन म्हणतात तो, सरळ खुपसला तर निसटतो. अंबाड्याच्या कडेची एक बारीक बट त्याच्या दोन पायांत पकडायची, आकडा उलटा फिरवायचा आणि अंबाड्याच्या मध्याकडे सरकवायचा. तेव्हा तो डोक्यालगतचे आणि अंबाड्यातले केस एकमेकांत अडकवून टाकतो. असे तीन-चार पुरतात. काळी चपटी पिन मूठभर केसांना चिमटीत धरून ठेवते आणि तेवढ्याच जागी खुपते, म्हणून ती कपाळावरच्या पोरकेसांपुरतीच ठेवावी. लाकडाची गुळगुळीत काडी आकड्यांऐवजी चालते. क्लचरही वाईट नाही, फक्त त्याचे दात कातडीवर टेकता कामा नयेत, केसांतच राहायला हवेत.

शेवटी सगळा अंबाडा तळहातानं डोक्याच्या दिशेनं हलकेच दाबायचा. बांधताना नकळत भरलेला ताण त्यानं निघून जातो. मग भुवया वर-खाली करायच्या, हनुवटी छातीला लावायची, मान दोन्हीकडे वळवायची. कुठं एक केस जरी टोचल्यासारखा ओढला गेला तरी तिथं बोट घालून तो सैल करायचा. आत्ता टोचणारा तो एक केस दुपारी ठणका होतो.

जागा बदलत राहणंही तितकंच महत्त्वाचं. आज मानेवर, उद्या दोन वेण्या, परवा कलता अंबाडा. भांगही इकडचा तिकडे करावा. एकाच जागी वर्षानुवर्षं ओढ राहिली तर डोकेदुखीच्या पुढची गोष्ट घडते. कपाळाच्या आणि कानशिलाच्या कडेचे केस मागे हटू लागतात. 1907 साली ग्रीनलँडच्या बायकांमध्ये अशी गळती पहिल्यांदा नोंदली गेली, कारण त्या केस फार ओढून उंच बांधत. मुळाशी बारीक पुटकुळ्या, खाज, बोट लावल्यावर दुखणं या पहिल्या खुणा. तेव्हाच सैल केलं तर केस परत येतात. वर्षं उलटली की मूळच निकामी होतं. शाळकरी मुलींच्या आयांनी कानशिलाकडे अधूनमधून नजर टाकावी, एवढी कळकळीची विनंती.

बारीक केस भरदार दिसावेत म्हणून पूर्वी गंगावन जोडत, लग्नसमारंभात आजही जोडतात. त्याचा भार आपल्या मुळांवर येतो, आणि मोजक्याच केसांवर येतो. जोडायचंच तर मानेजवळ, अंबाड्याच्या गाभ्यात गुंतवून जोडावं. ओल्या फुलांच्या जाड गजऱ्याचंही तेच. तो अंबाड्याभोवती गुंडाळून आकड्यांवर टेकवावा, बटेला लोंबता बांधू नये.

मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा मानेवर केस नकोसे होतात आणि सगळ्या जणी न्हाऊन ओलेच केस टाळूवर गच्च गुंडाळतात. ओला केस स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा पाणी पितो. केसांच्या मधे अडकलेलं पाणी ते वेगळंच. तो फुगतो, नरम पडतो, कमी ओढीला तुटतो. वजनाची चिंता करायचीच असेल तर ती या वेळी करावी. जुन्या सुती पंच्यात केस गुंडाळून पाणी टिपून घ्यावं आणि अर्धा तास खांद्यावर सोडावेत.

स्कूटीवरून रोज नोकरीला जाणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. आत केसांची ओढ, त्यावर उन्हासाठी आवळलेला दुपट्टा, त्यावर हेल्मेट. वर्गीकरणातल्या दोन्ही डोकेदुख्या एकाच डोक्यावर! उंच अंबाड्यावर हेल्मेट बसतच नाही, वर तरंगत राहतं, आणि अपघातात ते डोकं वाचवू शकत नाही. हेल्मेटखाली एकच रचना योग्य: मानेजवळून सुरू होणारी सैल वेणी, कॉलरच्या आत सोडलेली. अंबाडा पोचल्यावर घालावा, दोन मिनिटांचं तर काम.

बारीक केसांचा गुंता फार होतो, आणि तो न सोडवता राहिला की त्याची जट होते. महाराष्ट्रात कित्येक बायकांनी तिला देवीची आज्ञा मानून किलो-किलोचा भार वर्षानुवर्षं डोक्यावर वागवला आहे. मान आखडते, झोप होत नाही, मुळं सतत ओढली जातात. पुण्याच्या नंदिनी जाधव आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या इतर कार्यकर्त्यांनी समजावून, धीर देऊन अशा शेकडो बायकांच्या जटा उतरवल्या. जट उतरवल्यावर एखादी बाई मान इकडून तिकडे फिरवून बघते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते मला माझ्या शाळा सुटल्यानंतरच्या त्या क्षणाचं थोरलं रूप वाटतं.

सगळीच डोकेदुखी केसांची नसते, हेही स्पष्ट सांगायला हवं. केस सोडून तास उलटला तरी दुखतच असेल, तर कारण दुसरीकडे शोधावं. अर्धशिशी असलेल्यांना दुखणं भरात आलं की फणीचा स्पर्शही सोसत नाही. तिथं घट्ट केस हे मूळ कारण नसलं तरी आगीत तेल ओततात, म्हणून अशांनी तर मुळं सैलच ठेवावी. आणि पन्नाशी ओलांडलेल्या बाईला कानशिलावर नव्यानंच दुखू लागलं, केस विंचरताना तिथं हुळहुळलं, चावताना जबडा दुखला किंवा नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. कानशिलाच्या रोहिणीला सूज येण्याचा एक आजार असतो. त्यात उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते.

झोपताना मी केस कधीच आवळून बांधत नाही. जुन्या सुती लुगड्याची तीन बोटं रुंद पट्टी फाडून ठेवली आहे. तीच माझी आगवळ. सैल तिपेडी वेणी, टोकाला या पट्टीची एक साधी गाठ, आणि वेणी उशीच्या वर टाकायची, म्हणजे कूस बदलताना खाली दबून ओढली जात नाही.

आता आईचे केसही माझ्याच हातात असतात. वयानं ते आणखी बारीक झालेत आणि विरळही, अंबाडा लिंबाएवढा होतो. ती पाटावर बसते, मी मागे मोढ्यावर. दोन आकडे लावून झाले की तळहातानं जरासं दाबते आणि म्हणते, "आई, भुवया वर कर बरं." ती करते. मग मान खाली घालून मांडीवरच्या सुपातली तूर निवडायला लागते.